चलन भरावे, की भांडावे?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मोबाईल वाजतो आणि इंग्रजीत एक संदेश येतो. त्यात आपल्या गाडीचा नंबर असतो, कसले तरी कलम असते आणि पुढे रुपयांचा आकडा असतो. कॉलेजात जाणारी मुलगी तो वाचून सांगते, ‘बाबा, चलन आलंय.’ मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, भरून टाका आणि मोकळे व्हा. दुसरा म्हणतो, फुकटचे पैसे का भरायचे, वकिलाला विचारा.

या दुसऱ्या पक्षामुळे हा प्रश्न आता आठवड्यातून दोन-तीनदा तरी माझ्या टेबलावर येतो. माझ्याकडे येणारी बरीचशी चलने परभणी जिल्ह्यातली नसतातच. एमएच २२ची मोटारसायकल पुण्यात शिकणाऱ्या मुलाकडे असते आणि चलन पाथरीला वडिलांच्या मोबाईलवर येते, कारण गाडी त्यांच्या नावावर. कुणी लग्नाला मुंबईला जाऊन येतो आणि परतल्यावर कळते, की द्रुतगती मार्गावर कॅमेऱ्याने टिपले. त्या मार्गावर जुलै २०२४पासून कॅमेऱ्यांची यंत्रणा चलने काढू लागली. सपाटीवर मोटारीला ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे, घाटात ६०ची. घाटातली पाटी आपल्याकडच्या माणसाच्या ध्यानात येत नाही. मानवत-परभणी रस्त्यावर घाट असतो कुठे?

आधी हे चलन म्हणजे काय ते समजून घेऊ. मोटार वाहन कायदा १९८८चा. त्यात २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली, दंड वाढले आणि कॅमेऱ्यांच्या मदतीने रस्त्यावर लक्ष ठेवण्याचे १३६-अ हे कलम आले. महाराष्ट्रात वाढीव रकमा डिसेंबर २०२१पासून लागू झाल्या. चलनावर छापलेली रक्कम ही खरे तर शिक्षा नव्हे, ती तडजोडीची रक्कम आहे. कलम २०० सांगते, की ही रक्कम भरली तर सरकार त्या गुन्ह्यासाठी तुम्हाला पुढे कोर्टात खेचणार नाही. भरली नाही, तर प्रकरण न्यायालयात जाते आणि तिथे कायद्यातला पूर्ण दंड लागू होऊ शकतो.

हा फरक लोकांना ठाऊक नसतो आणि भरावे की भांडावे याचा निम्मा निर्णय त्यातच आहे. सीटबेल्टचे उदाहरण घ्या. तडजोडीची रक्कम २०० रुपये ठरली, पण कायद्यातला दंड १००० रुपयांचा आहे. हेल्मेटचे ५०० रुपये, पण कायद्यात १००० रुपये आणि वर तीन महिने परवाना निलंबित. म्हणजे २०० रुपयांसाठी भांडून हरलात तर पाचपट जातील. त्याशिवाय कोर्ट कुठले? ज्या हद्दीत गुन्हा घडला तिथले. परभणीहून पुण्याला दोन तारखांना जाऊन येण्याचे भाडे, बुडालेली हजेरी, शिवाय वकिलाची फी. मी स्वतः वकील आहे, तरी सांगतो, की एवढ्यासाठी वकील लावू नका.

मग भांडूच नये का? तसेही नाही. चलन हा सरकारचा आरोप आहे, निकाल नव्हे. आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची आहे. ऑगस्ट २०२१मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम आला. कॅमेऱ्याला सक्षम यंत्रणेचे प्रमाणपत्र हवे आणि ते दरवर्षी नवे करून घ्यायला हवे. कॅमेरा आहे अशी सूचना देणारी पाटी रस्त्यावर हवी. चलनासोबत नंबर प्लेट दिसणारा फोटो हवा, यंत्राने मोजलेला वेग हवा, तारीख, वेळ, ठिकाण आणि मोडलेले कलम हवे. नोटीस पंधरा दिवसांत पाठवावी असेही त्या नियमात म्हटले होते. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी दाखला लागतो. तो पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खाली असे, १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली असतो. जिथे कॅमेरे बसवायचे अशा शहरांची यादीही नियमाला जोडली होती. तीत जालना आहे, लातूर आहे, छत्रपती संभाजीनगर आहे, परभणी नाही. यावरून काही जण असा अर्थ काढतात, की परभणीत कॅमेऱ्याचे चलन बेकायदा. तो अर्थ बरोबर नाही. त्या यादीने इतर गावांना मनाई केलेली नाही.

चलन आले, की पहिली गोष्ट म्हणजे ते खरे आहे का ते पाहायचे. सध्या ‘आरटीओ चलन’ नावाची फाईल व्हॉट्सॲपवर पाठवून बँक खाते साफ करणारी टोळधाड आहे. संदेशातल्या दुव्यावर बोट ठेवू नका. राज्य सरकारच्या ई-चलनाच्या संकेतस्थळावर किंवा महाट्रॅफिक ॲपवर स्वतः जाऊन गाडीचा नंबर टाका. सरकारी पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ असते. तिथे चलन दिसले तर खरे, नाही तर संदेश पुसून टाका.

दुसरी गोष्ट, फोटो मोठा करून बघा. जिंतूरकडचे एक शेतकरी आले होते. त्यांच्या नावे हेल्मेट न घातल्याचे चलन होते आणि नंबर होता त्यांच्या ट्रॅक्टरचा. फोटोत मोटारसायकल स्वच्छ दिसत होती. नंबर वाचताना यंत्राने किंवा माणसाने एक अक्षर चुकवले होते. अशा प्रकरणात भांडणही लागत नाही. ॲपवर तक्रारीची सोय आहे. आरसी बुकाचा फोटो, गाडीचा फोटो आणि चार ओळींचा अर्ज टाकला आणि काही दिवसांत चलन रद्द झाले. मात्र तक्रारीचा क्रमांक जपून ठेवायचा. आपल्याकडे कागद जपण्याची सवय सातबाऱ्यापुरतीच आहे.

नंबर चुकीचा वाचला जाण्यात आपलाही हातभार असतो. ४१४१ असा लिहायचा, की ‘दादा’ वाचले जावे. २१४ असा, की ‘राम’ दिसावे. अशी प्लेट हा वेगळा गुन्हा आहे आणि आपली बाजूही लंगडी पडते. दुसऱ्याच कुणी आपला नंबर स्वतःच्या गाडीवर लावला असेल, तर नुसता ऑनलाइन अर्ज पुरत नाही, पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी लागते. १ एप्रिल २०१९पूर्वीच्या गाड्यांनाही उच्च सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची करण्यामागे हेही एक कारण आहे.

फोटो आपलाच आहे, नंबर आपलाच आहे, सिग्नल लालच आहे, तेव्हा मी म्हणतो भरा. ‘पण सगळेच तोडतात,’ हा बचाव कोणत्याही कोर्टात चालत नाही. फोटो आपला असूनही भांडण्याजोगी काही प्रकरणे असतात. एकाच वेळेची दोन चलने आली, वेग नोंदला पण मर्यादेची पाटीच नव्हती, फोटोत प्लेट वाचताच येत नाही, रुग्ण घेऊन धावपळ सुरू होती आणि दवाखान्याचे कागद हाताशी आहेत. आधी ऑनलाइन तक्रार करा. ती फेटाळली तरच कोर्टाचा विचार. मुदतीचे नियम बदलत असतात, म्हणून आपल्या नोटिशीवर छापलेली तारीख प्रमाण माना. व्हर्च्युअल कोर्टाकडून नोटीस आली असेल, तर घरबसल्या दंड भरता येतो. लढायचे असे कळवले, तर मात्र प्रकरण नेहमीच्या कोर्टाकडे जाते.

लोकांचा आवडता रस्ता मात्र तिसराच, काहीच न करण्याचा. कुणीतरी चहाच्या टपरीवर सांगितलेले असते, की सहा महिन्यांनी चलन आपोआप मरते. यात अर्धे सत्य आहे. ज्या गुन्ह्याला फक्त दंड आहे, त्याची दखल सहा महिन्यांनंतर कोर्टाला घेता येत नाही. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४६८ होते, आता नागरिक सुरक्षा संहितेचे ५१४ आहे. पण लाल सिग्नल तोडणे २०१९पासून धोकादायक वाहन चालवण्याच्या कलम १८४ मध्येही येते, त्यात एक वर्षापर्यंत कैद आहे, आणि तिथे मुदत वर्षाची होते. शिवाय कोर्टाची मुदत संपली म्हणून संगणकातली नोंद पुसली जात नाही. गाडी विकायला काढली, की घेणारा आधी नंबर टाकून थकबाकी बघतो आणि तेवढे पैसे किमतीतून कापतो. ज्यांच्या गाड्या रोज रस्त्यावर असतात, त्यांच्यावर हा बोजा सर्वांत जड. जुलै २०२५मध्ये मालवाहतूकदारांनी ई-चलनांविरुद्ध संप केला. त्याच सुमारास पोलिसांनी खासगी मोबाईलवर फोटो काढून चलने करू नयेत, असे आदेशही निघाले. तेव्हा चलनाचा फोटो कशावर काढला आहे, हेही पाहण्याजोगे आहे.

गंगाखेड तालुक्यातल्या एका बाईंचे प्रकरण माझ्याकडे आहे. त्यांच्या यजमानांनी मोटारसायकल रोख पैशांत विकली, शंभराच्या बाँडवर सह्या झाल्या, पण आरटीओत नाव बदलले नाही. घेणाऱ्याने ‘करतो, करतो’ म्हटले आणि पुढे यजमान वारले. गाडी फिरत राहिली. मयत माणसाच्या नावावर एकापाठोपाठ अकरा चलने जमली. बाईंना वाटत होते, की आता घरावर जप्ती येणार, म्हणून त्या शिलाईचे पैसे बाजूला टाकत होत्या.

कलम ५० प्रमाणे गाडी राज्यातल्या राज्यात विकली, तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचे असते. ते कळवले नाही, तर कायद्याच्या नजरेत मालक जुनाच राहतो. अपघाताच्या भरपाईच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हेच सांगितले. पण मयत माणसावर फौजदारी खटला चालत नाही आणि त्याचा गुन्हा बायकोच्या अंगावर येत नाही. बाईंना मी पहिल्याच दिवशी सांगितले, की एक रुपयाही भरू नका. अकरांपैकी सात चलने मृत्यूच्या दाखल्यावरील तारखेनंतरची होती. दाखला, बाँडची प्रत आणि घेणाऱ्याचे नाव-पत्ता असा अर्ज पोलिसांना आणि आरटीओला दिला. ती सात चलने रद्द झाली. उरलेली चार यजमान हयात असतानाची, पण विक्रीनंतरची आहेत. त्यांतल्या दोन फोटोंत चालवणाऱ्याचा चेहरा दिसतो, आणि तो घेणाऱ्याचाच आहे. त्या चारांचा अर्ज गेल्या महिन्यात दिला आहे. बाई दर सोमवारी फोन करून विचारतात.