आडवं झालं की दम लागतो: बाळंतिणीच्या हृदयाची गोष्ट

मागच्या भाषणानंतर एका बचत गटातून प्रश्न आला होता. "ताई, तुम्ही हार्ट अटॅकचं सांगितलंत. पण आमच्या गावात एका ओल्या बाळंतिणीला हृदयाचा आजार निघाला. वय अवघं सव्वीस. ना शुगर, ना चरबी. असं कसं?" प्रश्न वाचला आणि मला माझी धाकटी जाऊ आठवली. तेव्हा आज तिच्याच आजाराबद्दल बोलते.

आधी एक फरक समजून घेऊ. हार्ट अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी नळी तुंबते. आज ज्या आजाराबद्दल बोलायचंय त्यात नळ्या मोकळ्या असतात, हृदयाचा स्नायूच कमजोर पडतो. डॉक्टर त्याला कार्डिओमायोपॅथी म्हणतात. नाव अवघड आहे, पाठ करायची गरज नाही. हृदयाच्या स्नायूचा आजार म्हटलं तरी चालतं.

आपलं हृदय साधारण आपल्या मुठीएवढं. दिवसाला सुमारे एक लाख वेळा आवळतं आणि सैल होतं, मिनिटाला पाचेक लिटर रक्त पुढे ढकलतं. हा स्नायू बिघडतो तोही एका तऱ्हेने नाही. कुणाचा जाड होतो. हा प्रकार बहुधा घराण्यातून येतो, आणि खेळता खेळता धडधाकट पोरगा कोसळला असं आपण ऐकतो त्यामागे काही वेळा हाच असतो. म्हणून घरात कुणी तरुण माणूस असं अचानक गेलं असेल तर सख्ख्या भावंडांची आणि मुलांची तपासणी करून घ्यावी. कुणाचा स्नायू ताठर होतो, पण तो प्रकार कमी. आणि कुणाचा सैल पडून फुगतो, जुन्या परकरातलं इलास्टिक ताणून ताणून ढिलं पडतं तसा. अति दारूने, विषाणूच्या तापानंतर, कॅन्सरच्या काही औषधांनी हे होऊ शकतं. आणि बाळंतपणातही होतं.

गरोदरपणात बाईच्या अंगातलं रक्त जवळपास दीडपट होतं. हृदयाला तेवढं जास्त राबावं लागतं. बहुतेकींचं हृदय ते निभावतं. पण काही जणींच्या हृदयाचा स्नायू शेवटच्या महिन्यात किंवा बाळंतपणानंतरच्या पाच महिन्यांत अचानक ढिला पडतो. सगळ्यात जास्त बायकांना तो पहिल्या महिन्यातच गाठतो. नेमकं का, याचं एकच एक उत्तर नाही. पण तिशी ओलांडलेली, जुळं असलेली, बरीच बाळंतपणं झालेली आणि विशेष म्हणजे गरोदरपणात बीपी वाढलेलं, अशा बाईला धोका जास्त.

माझ्या जावेचं वय एकतीस, दुसरी खेप. आठव्या महिन्यात बीपी वाढलं होतं. बाळंतपण नीट झालं, दुसरीही मुलगीच. पंधरा-सोळा दिवसांनी तिला रात्रीचा खोकला सुरू झाला. मी तेव्हा नोकरीत होते, दुसऱ्या तालुक्यात नर्स. तिने फोनवर सांगितलं, "बाई, रात्री झोप लागत नाही, छाती भरून येते." मी काय म्हणाले असेन? "थंडी लागली असेल, कोमट पाणी पी, कान बांध." बत्तीस बाळंतपणं त्या वर्षी मी स्वतः केली होती, आणि घरातल्या बाळंतिणीला हे सांगितलं.

सासूबाई म्हणाल्या, बाळंतवारं आहे, शेगडी वाढवा. पाय सुजले तर म्हणाल्या, बाळंतिणीच्या अंगावर पाणी चढतंच. चूक त्यांचीही नाही. पाय सुजणं, थकवा, झोप नसणं, सगळं बाळंतिणीला असतंच की! म्हणूनच हा आजार लपून राहतो.

मग तिला गावातल्या दवाखान्यात नेलं. खोकल्याचं औषध मिळालं आणि घरच्यांच्याच आग्रहावरून "अशक्तपणा आहे, एक सलाईन लावा" म्हणून सलाईन लागलं. मैत्रिणींनो, इथे जरा थांबते. विहिरीवरची मोटार पाणी उचलेनाशी झाली की झऱ्याचं पाणी विहिरीत साठत जातं. हृदयाचा पंप कमजोर झाला की तसंच रक्त मागे साठतं आणि फुप्फुसांत पाणी उतरतं. आडवं झालं की ते पसरतं म्हणून दम लागतो, उठून बसलं की बरं वाटतं. रात्रीचा खोकला त्याच पाण्याचा. आता अशा भरलेल्या विहिरीत आपण वरून आणखी एक बाटली ओतली तर काय होईल? दम लागणाऱ्या बाईला सलाईन मागून घेऊ नका. आपल्याकडे सलाईन लावलं नाही तर डॉक्टरने काही केलंच नाही असं वाटतं, ही सवय फार जुनी आणि फार वाईट.

त्या रात्री ती भिंतीला टेकून बसून राहिली. सकाळी आशाताई आल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशा घरी सहा वेळा येते, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. ही एकविसाव्या दिवसाची भेट. बाळाचं वजन करून झाल्यावर त्यांनी सहज विचारलं, "वहिनी, बसूनच का झोपता?" वहिनीला एक वाक्य पुरं बोलता येईना. आशाताईंनी तिचा श्वास मोजला आणि तिथूनच १०८ ला फोन लावला, मग मला.

जिल्ह्याच्या ठिकाणी तिला ऑक्सिजन आणि लघवी होण्याचं इंजेक्शन दिलं. दोन दिवसांत इतकं पाणी गेलं की सुजलेले पाय काठीसारखे झाले. मग छातीची सोनोग्राफी केली, तिला टू-डी इको म्हणतात. त्यात सुई नाही, दुखत नाही, अर्ध्या तासात होते. दम झडप खराब असल्याने लागतो की स्नायू ढिला पडल्याने, ते इकोत उलगडतं. रिपोर्टवर ईएफ म्हणून एक आकडा असतो, तो विचारून घ्या. डाव्या कप्प्यात शंभर भाग रक्त असेल तर एका ठोक्यात किती पुढे जातं, त्याचा तो आकडा. निरोगी हृदयात साधारण ५५ ते ७०. या आजारात ४५ च्या खाली. जावेचा २८ होता.

आफ्रिकेत नायजेरिया देशात झारिया नावाचं शहर आहे. तिथे एके काळी शंभर बाळंतिणींमागे एकीला हा आजार होत असे, जगात सर्वात जास्त. तिथल्या हौसा लोकांत बाळंतिणीने चाळीस दिवस कढत पाण्याने दोनदा अंघोळ करायची, खालून तापवलेल्या मातीच्या ओट्यावर झोपायचं आणि तळ्याच्या खारट मातीचं मीठ घातलेली पेज प्यायची अशी रीत. त्या मिठाने आणि शेकाने अंगात पाणी साठून हृदयावर भार येतो, असं तिथल्या डॉक्टरांनी लिहून ठेवलं. मूळ कारण तेच की ते फक्त भर घालतं, यावर पुढे मतभेद झाले. आपली शेगडी आणि डिंकाचे लाडू सोडा असं मी म्हणत नाही. पण दम लागत असताना शेक वाढवणं हा उपाय नव्हे, आणि बंद खोलीतला धूर तर आईला नको आणि लेकरालाही नको.

औषधांचं सांगते. लघवीची गोळी, हृदयाचं काम हलकं करणाऱ्या गोळ्या, कधी रक्त पातळ ठेवणारं औषध, कारण ढिल्या हृदयात रक्ताची गाठ होऊ शकते. वेळेत औषध मिळालं तर निम्म्या किंवा त्याहून जास्त बायकांचं हृदय सहा महिने-वर्षभरात सावरतं. पण बरं वाटलं म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत, आकडा बघून डॉक्टरच कमी करतील. दूध पाजायचं का, हेही त्यांनाच विचारा, काही औषधांत पाजता येतं, काहींत नाही. पापड, लोणचं, वरून मीठ बंद. जाऊ रोज सकाळी अंगणवाडीत जाऊन काट्यावर उभी राहायची. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते मांस नव्हे, पाणी. त्या दिवशीच फोन करायचा.

सरकारी दवाखान्यात बाळंतपणानंतर बेचाळीस दिवस आईचा उपचार, तपासण्या आणि गाडी मोफत असते. आशाची सहावी भेटही बेचाळिसाव्या दिवशी. पण आजाराला दिवस मोजता येत नाहीत, तो चौथ्या महिन्यातही येतो. तेव्हा आईला दम लागतो का असं कुणी विचारेलच असं नाही, आणि बाई एव्हाना शेतात जायला लागलेली असते. म्हणून माझी गटांना विनंती आहे. तुमच्या बैठकीला तान्हं लेकरू घेऊन कुणी आली तर पाच महिन्यांपर्यंत तिला तीनच गोष्टी विचारा. आडवं झोपता येतं का, की दोन-तीन उशा लागतात? रात्री खोकल्याने किंवा जीव घाबरून जाग येते का? आधी सहज व्हायचं त्या कामाला आता दम लागतो का? एकाचं जरी उत्तर वाईट आलं तर डॉक्टरकडे जा आणि बाळंतपण कधी झालं ते आपणहून सांगा. बसल्या जागी दम लागत असेल, ओठ निळे पडत असतील, गुलाबी फेस येत असेल, तर थेट १०८.

आता शेवटचं, आणि आमच्या घरात सगळ्यात अवघड गेलेलं. वर्षभराने जावेचा आकडा ४६ वर आला. डॉक्टरांनी सांगितलं, पुढचं मूल नको. आकडा पुरता सावरला तरी पुढच्या खेपेला हृदय पुन्हा ढिलं पडण्याचा धोका राहतो, न सावरलेल्या हृदयावर तर जीवच जाऊ शकतो. सासूबाईंना नातू हवा होता. त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. गर्भ राहू नये म्हणून माला-एन घेऊ का, असं जावेने विचारलं. त्या गोळीत इस्ट्रोजेन असतं, त्याने रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो, म्हणून या आजारात ती नको. तांबी चालते. आम्ही तांबीचं ठरवत होतो, तेवढ्यात दीरच म्हणाले, "तिने पुरे सोसलं, माझंच करा." पुरुष नसबंदी, पंधरा-वीस मिनिटांचं काम. सकाळी गेले आणि दुपारी घरी जेवायला होते. सासूबाईंनी आठवडाभर त्यांच्याशी अबोला धरला, मग एके दिवशी स्वतःच धाकट्या नातीला कडेवर घेऊन देवळात गेल्या.

ती धाकटी आता चौथीत आहे. जाऊ अजून एक गोळी घेते आणि दर वर्षी इको करते. मागच्या वेळी आकडा ५४ होता.

तुमचे प्रश्न नेहमीसारखे गटाच्या वहीत लिहून आमच्याकडे पाठवा. पुढच्या वेळी झडपांच्या आजाराबद्दल बोलू, लहानपणी घसा आणि सांधे दुखून येतो तो.