विश्लेषण : लॉगरमधला पाऊस संगणकात आणणाऱ्या नऊ पिना कोणत्या?

मूल तालुक्यातील धान उत्पादकांसाठी ६५ हा आकडा महत्त्वाचा आहे. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस नोंदला गेला, की ती अतिवृष्टी मानली जाते. राज्यात २०१७ पासून ‘महावेध’ प्रकल्पात मंडळस्तरावर स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. अशा केंद्रांतले आकडे साठवणाऱ्या पेटीला डेटा लॉगर म्हणतात. जंगलपट्ट्यात मोबाइलची रेंज गेली तरी लॉगरमधली नोंद शाबूत राहते. ती लॅपटॉपवर घेण्यासाठी अनेक लॉगरना नऊ पिनांचा सिरियल पोर्ट असतो.

कोणती पिन काय करते?

‘आरएस-२३२’ हे मानक १९६० चे. संगणकाच्या बाजूने पाहिल्यास पिन २ वर माहिती येते, पिन ३ वरून जाते आणि पिन ५ ग्राउंड असते. साध्या जोडणीला या तीन तारा पुरतात. पिन ७ आणि ८ ‘पाठवू का?’, ‘पाठव’ असे इशारे देतात. ४ आणि ६ या पिना दोन्ही उपकरणे तयार असल्याचे सांगतात. १ आणि ९ मोडेमसाठी आहेत.

केबल कोणती?

लॉगरची जोडणी मोडेमसारखी असेल तर सरळ केबल लागते, म्हणजे २ ला २ आणि ३ ला ३. दोन्ही बाजूंची जोडणी एकसारखी असेल, तर २ आणि ३ ची अदलाबदल केलेली क्रॉस केबल हवी. म्हणून लॅपटॉपला चाललेली केबल मोडेमला चालेलच असे नाही.

धोका कुठे?

सॉकेट सारखे दिसते म्हणून पिनाही सारख्याच असतील, असे धरून चालू नये. कॅम्पबेल सायंटिफिकच्या अनेक लॉगरवर नऊ पिनांचा आणखी एक पोर्ट असतो. त्यात पिन १ वर ५ आणि पिन ८ वर १२ व्होल्ट असतात. तो थेट लॅपटॉपला जोडल्यास नुकसान होऊ शकते. आधी सॉकेटवरचे नाव वाचावे, मग माहितीपुस्तिकेतला पिनांचा तक्ता पाहावा.

आकडे येत नसतील तर?

पडद्यावर भलतीच अक्षरे उमटत असतील, तर बहुधा वेग जुळलेला नसतो. लॉगर ९६०० वर असेल, तर संगणकही ९६०० वरच हवा. काहीच येत नसेल, तर २-३ ची अदलाबदल आणि ग्राउंडची तार तपासावी. केबल लॉगरपासून सोडवून त्या टोकाच्या पिना २ आणि ३ तारेने जोडाव्यात. टाइप केलेली अक्षरे पडद्यावर परत आली, तर संगणकाचा पोर्ट आणि केबलमधल्या या दोन तारा ठीक आहेत.

केबल किती लांब?

आरएस-२३२ साठी साधारण १५ मीटर. अंतर त्याहून जास्त असेल तर आरएस-४८५ वापरतात. ते सुमारे १२०० मीटरपर्यंत चालते.