घाटावरचे फोटो आणि वहीतील नावे

माळव्याशी ज्यांच्या घराण्याचा काही पिढ्यांचा संबंध आहे, अशा मराठी घरांतील जुनी पेटी उघडली, तर उज्जैनच्या रामघाटाचा एखादा तरी फोटो बहुधा निघतो. पायऱ्यांवर ओळीने बसलेली माणसे, मागे लहानलहान देवळांची शिखरे आणि पुढे क्षिप्रेचे संथ पाणी. फोटोच्या पाठीवर मात्र काहीही लिहिलेले नसते. ज्याने तो काढविला त्याला लिहिण्याची गरजच भासली नव्हती. आपली माणसे आपण ओळखणार नाही तर कोण, असे त्याला वाटले असणार. आज तीच माणसे त्याच घरात अनोळखी होऊन बसली आहेत.

मराठी माणसे रामघाटावर आली ती केवळ यात्रेकरू म्हणून नव्हे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात राणोजी शिंदे यांनी माळव्यात जम बसविला आणि उज्जैन हे शिंदेशाहीचे ठाणे झाले. महाकालेश्वराचे आजचे देऊळ उभे राहिले ते राणोजींचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांच्या पुढाकाराने. घाटाजवळ राणोजींच्या नावाने ओळखली जाणारी छत्री आहे आणि थोड्या अंतरावर हरसिद्धीच्या प्रांगणात दोन उंच दीपमाळा आहेत. त्या पाहिल्यावर देशावरच्या माणसाला आपल्याच एखाद्या कुलदेवतेच्या आवारात आल्यासारखे वाटते. 1810 साली दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरजवळच्या लष्करात नेली, तरी कारकून, शिक्षक, वैद्य, भिक्षुक अशी मराठी कुटुंबे उज्जैनीत राहिलीच. जयसिंगाने बांधलेल्या येथील वेधशाळेची 1923 साली जी दुरुस्ती झाली तीत गोविंद सदाशिव आपटे यांचा हात होता, आणि भीमबेटकाची चित्रे जगासमोर आणणारे विष्णु श्रीधर वाकणकर यांचीही कर्मभूमी हीच. थोरांची नोंद इतिहास ठेवतो. घाटावर ओळीने बसलेल्या सामान्य माणसांची नोंद कोणी ठेवायची, हा खरा प्रश्न आहे.

इंग्लंडात या प्रश्नाचे एक उत्तर निघाले, तेही व्यापारातून. फ्रान्सिस फ्रिथ नावाच्या छायाचित्रकाराने 1860 साली सरे परगण्यातील रायगेट येथे एक कंपनी काढली आणि ब्रिटनमधील प्रत्येक गावाचे चित्र टिपण्याचा उद्योग आरंभिला. त्याची माणसे गावोगाव हिंडत. चर्च, पूल, बाजारपेठ, किनारा, जे दिसेल ते टिपीत, आणि प्रत्येक चित्राला क्रमांक देऊन त्यावर गावाचे नाव घालीत. ही चित्रे पुढे टपालाच्या कार्डांवर छापून विकली गेली. 1970 च्या सुमारास कंपनी बंद पडली, पण सुमारे 7,000 गावांचा तो संग्रह सुदैवाने वाचला. आता त्या गावांचे रहिवासी, किंवा गाव सोडून दूर गेलेली त्यांची मुले-नातवंडे, एकेका चित्राखाली आपापल्या आठवणी नोंदवितात. या कोपऱ्यावरच्या दुकानात मी नोकरीला होतो, त्या घराच्या माडीवर आमची आजी वारली, असे काहीबाही. व्यापाऱ्याने गाव आणि क्रमांक दिला म्हणून आठवणीला बसायला जागा मिळाली. एरवी तीही वाऱ्यावर गेली असती.

आपल्याकडे अशी कंपनी झाली नाही. छायाचित्रकार मात्र झाले, आणि त्यांतील सर्वांत मोठा माळव्यातच घडला. लाला दीनदयाळ हे रुडकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून 1866 साली इंदूरच्या बांधकाम खात्यात नकाशे काढण्याच्या कामावर रुजू झाले. कॅमेरा त्यांनी हाती घेतला तो 1874 च्या सुमारास. पुढे सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर मध्य हिंदुस्थानात हिंडून त्यांनी जुन्या वास्तूंची जी छायाचित्रे घेतली, ती 1886 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. निजामाने त्यांना राजा हा किताब दिला तो 1894 साली. त्या पिढीच्या छायाचित्रकारांच्या चित्रांत दगड कसा जिवंत दिसतो! माणूस मात्र बहुतेक वेळा उंची मोजण्याच्या काठीसारखा एखाद्या खांबाशी उभा केलेला असतो. यात त्यांचा दोष नाही. काम वास्तूंचे होते.

माणसांचे फोटो काढले ते पेढीवाल्यांनी आणि जत्रेतल्या पेटीवाल्यांनी. तीन पायांवर लाकडी पेटी, मागे काळे कापड, त्यात हात घालून आतल्या आतच कागद धुवायचा आणि यात्रेकरूचे नदीवरचे विधी आटोपेतो ओला फोटो त्याच्या हातात ठेवायचा, असा हा धंदा तीर्थक्षेत्री कित्येक वर्षे चालला. या कारागिरांनी ना क्रमांक घातले ना वह्या ठेवल्या.

वह्या ठेवल्या त्या दुसऱ्याच माणसांनी. रामाने दशरथाचे श्राद्ध येथे केले अशी श्रद्धा असल्यामुळे रामघाटावर पितरांच्या कार्यासाठी लोक पिढ्यान् पिढ्या येत आले आहेत. येथील तीर्थपुरोहितांनी आपापले यजमान प्रांत, गाव आणि ज्ञाती यांनुसार वाटून घेतलेले असतात आणि प्रत्येकापाशी त्या यजमानांच्या लांबट, कापडात बांधलेल्या वह्या असतात. आलेल्या माणसाने आपले नाव, बापाचे नाव, आजाचे नाव, गाव आणि येण्याचे कारण स्वहस्ते लिहायचे आणि खाली तिथी घालायची. मागे आपल्याच आजाचे अक्षर सापडले तर त्याच्या खाली. एका अर्थी फ्रिथचे काम येथे फार पूर्वीपासून चालू होते. फक्त चित्र तेवढे नव्हते.

म्हणून वही आणि फोटो एकमेकांशेजारी ठेवल्यावाचून दोहोंतील एकही पुरतेपणी बोलत नाही. याचा एक अनुभव सांगतो. आमच्या आत्याच्या पेटीत रामघाटाचा एक फोटो होता. पायरीवर आजोबा आणि आजी, त्यांच्या मध्ये टोपी घातलेला सहा-सात वर्षांचा मुलगा, आणि एका अंगाला, दोन हात अंतर राखून, डोक्यावरून गडद पदर घेतलेली एक बाई. वर्ष नाही, नाव नाही. आमच्या पुरोहितांच्या वहीत आजोबांची नोंद निघाली. शके 1860, वडिलांचे श्राद्ध, सोबत चिरंजीव, आणि चिरंजीवांचे नाव म्हणजे माझ्या काकांचे. म्हणजे 1938-39 चा हिवाळा किंवा त्याच्या मागेपुढे. मुलगा ओळखू आला, साल कळले. त्या बाईबद्दल वहीत एक अक्षर नव्हते.

असणारही नव्हते. वंशावळी बहुधा बापाकडून मुलाकडे उतरते. लेकी सासरी जातात, सुना आल्या तरी त्यांची नावे क्वचित चढतात, आणि जी ना या घरची धरली गेली ना त्या घरची, तिला तर कोठेच ओळ नाही. वहीत पुरुष आहेत. बाया आहेत त्या फोटोत, पण बिननावाच्या. घराण्याचा अर्धा इतिहास असा एका कागदावर आणि उरलेला अर्धा दुसऱ्या कागदावर पडलेला आहे.

त्या पदराने मात्र पुढचा माग दिला. जुन्या काचा आणि फिल्मा तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळ्या असत. त्यामुळे तांबडे ते काळे उमटे आणि निळे आकाश पांढरेफटक. सर्व रंग नीट घेणाऱ्या फिल्मा पुढे आल्या, परंतु साध्या फोटोवाल्याकडे जुनाच माल बराच काळ चालू होता. आजीच्या कपाळावरचे कुंकू म्हणूनच फोटोत शाईच्या टिकलीसारखे काळे आहे. शेजारच्या बाईच्या कपाळावर काहीच नाही आणि तिचे लुगडे डोक्यापासून पायापर्यंत एकसारखे काळे. ते काळे नव्हेच. ते तांबडे आलवण. दोन हातांचे ते अंतरही मग उगाच राहिलेले नाही, हे ध्यानात आले.

2006 साली आत्याच्या एका बालमैत्रिणीला तो फोटो दाखविला. तेव्हा त्या ऐंशीच्या घरात होत्या. चष्मा कपाळावर सारून, फोटो डोळ्यांशी नेऊन त्या म्हणाल्या, "अरे, ही तर जिजी. तुझ्या आजोबांची थोरली बहीण. आम्हांला चिंचा मीठ लावून द्यायची." खरे नाव? ते त्यांना ठाऊक नव्हते. सगळे जिजीच म्हणत. फोटोच्या पाठीवर आम्ही तेवढेच लिहिले. त्या बाई आता नाहीत, आणि जिजीला चेहऱ्याने ओळखणारे जगात आज कोणी नाही.

ज्यांच्याजवळ सांगणारी माणसे अद्याप आहेत, त्यांनी फोटो पाहताना काय विचारावे हे थोडे सांगायला हवे. नुसते "हे कोण?" विचारले की म्हातारी माणसे गोंधळतात. त्याऐवजी ती जागा विचारावी. रामघाट नदीच्या पूर्व तीरावर आहे आणि समोर पश्चिमेला दत्त आखाड्याचा घाट. म्हणून पायऱ्यांवर समोरून ऊन पडले असेल तर वेळ दुपारनंतरची, आणि माणसांची तोंडे सावलीत असतील तर सकाळची. पाणी किती पायऱ्यांवर आहे हे पाहावे. पावसाळ्यात पूर येतो तेव्हा घाटावरील लहान देवळे पाण्यात बुडतात. उन्हाळ्यात पूर्वी पात्र आटे. अलीकडे नर्मदेचे पाणी क्षिप्रेत सोडले जाते. ती योजना 2014 पासूनची. फार गर्दी आणि साधूंचे तंबू दिसले तर सिंहस्थाचे वर्ष असण्याचा संभव आहे. 1980, 1992, 2004, 2016 ही अलीकडची सिंहस्थे. अशी जागा आणि हंगाम बोलता बोलता ठरला, की नावे आपोआप येऊ लागतात. आठवण ही पत्त्यावाचून येत नाही.

जपणुकीचेही दोन शब्द. कृष्णधवल फोटो टिकतात. 1970-80 च्या सुमाराचे रंगीत फोटो आधी जातात, त्यांतील निळा रंग उडतो आणि माणसे लालसर दिसू लागतात. म्हणून नक्कल करायची तर आधी त्या फोटोंची करावी. चिकट पानांचे आणि वर पारदर्शक कागद असलेले जे आल्बम एके काळी घरोघर आले, त्यांनी पुष्कळ नासाडी केली आहे. फोटो सहज निघत असेल तर काढून साध्या कागदाच्या पाकिटात ठेवावा, ओढून काढू नये. पाठीवर लिहायचे ते मऊ पेन्सिलीने, कडेला, हात हलका ठेवून. बॉलपेन पुढच्या बाजूला उमटते. कोण, कोठे, केव्हा, आणि हे कोणी सांगितले, एवढे पुरे. शेवटचे कलम लोक गाळतात, आणि पुढे दोन सांगणाऱ्यांत मतभेद निघाला की कोणाचे धरावे हे कळत नाही.

2028 सालच्या उन्हाळ्यात उज्जैनला पुन्हा सिंहस्थ भरेल. त्यासाठी क्षिप्रेच्या काठी नवे घाट बांधण्याचे काम हाती घेण्यात आले आहे. महाकालाच्या भोवतालचा परिसर तर 2022 साली महाकाल लोक झाल्यापासून जुन्या माणसांना ओळखू येत नाही. बदल नको असे म्हणण्यात अर्थ नाही, घाट हा बांधला आणि पुन्हा बांधला जातच आला आहे. पण जुन्या फोटोतील पायरी नेमकी कोणती, हे जागेवर उभे राहून बोटाने दाखविता येण्याचे दिवस थोडे उरले आहेत.

जायचे असेल तर सिंहस्थात जाऊ नये आणि पितृपक्षातही नको. त्या दिवसांत पुरोहितांना वह्या सोडून बसण्याची उसंत नसते. मार्गशीर्ष-पौषात जावे. निघण्यापूर्वी मूळ गाव, गोत्र आणि पणजोबांपर्यंतची नावे कागदावर लिहून घ्यावी, कारण आडनाव सांगून वही निघत नाही, गाव सांगितल्यावर निघते. जुनी नोंद मोडीत असली तर वाचणारा बरोबर असलेला बरा. मूळ फोटो नेऊ नये, त्याची प्रत न्यावी. आणि नवी नोंद करताना आई, आजी, आत्या यांची माहेरची-सासरची नावेही लिहावीत. ती लिहू द्या असे म्हटले तर पुरोहित सहसा नाही म्हणत नाहीत.