उचल फिटेपर्यंत मुकादम तोच

परमुलखातली मजुरी : लेखांक 6

मागच्या लेखांकात कॅनडातला बंदिस्त परवाना पाहिला. कागदावरच मालकाचं नाव छापलेलं. काम बदलायचं तर आधी नव्या मालकाने परदेशी मजूर ठेवायची सरकारी मंजुरी काढायची, मग मजुराने नवा परवाना मागायचा. आपल्याकडे असला परवाना नाही. राज्यघटनेने कुठलाही रोजगार धरायची मोकळीक दिली आहे. तरी दिवाळीच्या आगेमागे माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर या कारखान्यांच्या उसात ज्या टोळ्या उतरतात, त्यांतल्या किती जणांना हंगामाच्या मध्यावर मुकादम, म्हणजे टोळी आणणारा मधला माणूस, बदलता येतो? जवळपास कुणालाच नाही. त्यांचा परवाना म्हणजे उचल, हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम.

साखळी अशी असते. कारखाना तोडणी-वाहतुकीचा करार ट्रॅक्टरवाल्याशी करतो आणि त्याला आगाऊ रक्कम देतो. ट्रॅक्टरवाला त्यात स्वतःची भर घालून ती बीडकडच्या किंवा नगरकडच्या मुकादमाला देतो. मुकादम ती गावात कोयत्यामागे वाटतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा गडी असेल तर अर्धा कोयता. बहुतेक ठिकाणी कारखान्याच्या दप्तरात मजुराचं नावच नसतं. कोणत्या कारखान्यावर जायचं हे तो ठरवत नाही. मुकादमाने ज्याचे पैसे घेतले, तिकडे गाडी वळते. नाव असतं ते मुकादमाच्या चोपडीत. नवऱ्याचं नाव, त्यापुढे उचल, खाली दर आठवड्याची खर्ची, मध्येच ‘खाडा’. खाडा म्हणजे आजारपणाने किंवा मयतीला गेल्यामुळे बुडालेला दिवस. त्याची मजुरी तर जातेच, वर दंडही चढतो.

आता हिशेब करू. जानेवारी 2024 मध्ये पुण्यात झालेल्या तडजोडीत तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला आणि टनाला 273 रुपयांवरून 366च्या घरात गेला. एका कोयत्याची उचल लाखभर धरा. त्या दराने ती फेडायला 273 टन ऊस तोडावा लागतो. जोडीने दिवसाला दोन टन तोडला, तर एकही खाडा न होता साडेचार महिने लागतात. 2024-25चा हंगाम 15 नोव्हेंबरला सुरू झाला आणि बऱ्याच कारखान्यांचा पट्टा मार्चच्या आतच पडला, म्हणजे गाळप संपलं. शंभर दिवसांचा हंगाम धरला तर 73 हजारांची मजुरी होते आणि 27 हजार अंगावर राहतात. पोटाला घेतलेली खर्ची यात धरलेलीच नाही. वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, विकून चार पैसे येतात, पण ते मीठमिरचीत जातात. उरलेली बाकी पुढच्या वर्षावर फिरते, आणि मजुरी पटो न पटो, पुढच्या वर्षीचा मुकादम त्याच दिवशी ठरून जातो.

तरी मुकादम बदलणारे असतात. कसे? नवा मुकादम जुन्याची बाकी चुकती करतो आणि तीच रक्कम, वर थोडी नवी उचल घालून, आपल्या चोपडीत चढवतो. मजूर सुटत नाही, त्याचं कर्ज फक्त हात बदलतं. बाईची गोष्ट तर याहून अवघड. पहाटे तीनला उठून भाकरी थापून ती फडावर येते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते. पण अर्ध्या कोयत्याची ही मालकीण चोपडीत कुठेच नाही. जिच्या नावावर कामच नाही, तिने मालक कसा बदलायचा?

ही रीत जुनी आहे आणि तिला एके काळी कायद्याचं बळ होतं. 1859च्या कायद्यान्वये आगाऊ पैसे घेऊन काम सोडणाऱ्या मजुराला मॅजिस्ट्रेट कामावर परत पाठवू शकत असे, आणि न गेल्यास तीन महिन्यांपर्यंत तुरुंगात घालू शकत असे. 1925 साली तो कायदा रद्द केला गेला. आज पैसे थकले तर वसुलीचा दिवाणी दावा लावता येतो, माणूस मागता येत नाही. बाकीसाठी कुणाला राहत्या कोपीवर अडवून ठेवणं, मुलाला ओलीस धरणं हे सरळ गुन्हे आहेत. 1976च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने पुढचं पाऊल टाकलं: वेठीचं कर्ज असेल तर ते फेडायची जबाबदारीच संपते, आणि ते तसं नाही हे सिद्ध करायचं ओझं पैसे देणाऱ्यावर असतं. त्याची तक्रार प्रांताधिकाऱ्यांकडे करता येते. बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके बारामतीच्या प्रांतांकडे आहेत.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर इंदापूरचे वाचक मला फडातून हाकलतील. कर्ज काढून दहा-पंधरा लाख मुकादमाच्या हातावर ठेवलेल्या ट्रॅक्टरवाल्याकडे हंगामाला टोळीच येत नाही, मुकादमाचा फोन बंद, असे प्रकार पोलिसांत वर्षानुवर्षं जात आहेत. एकाच कोयत्याने दोघांकडून उचल घेतली, असंही होतं. पण या फसवणुकीचं मूळ उचलीतच आहे. कारखान्याने मजुराशी थेट करार केला, मजुरी बाई आणि गडी दोघांच्या वेगवेगळ्या खात्यांत भरली, तर मधल्या माणसाने पैसे घेऊन पळायला जागाच उरत नाही. ऊसतोड कल्याण महामंडळासाठी टनामागे 10 रुपये कारखान्यांनी आणि तेवढेच सरकारने द्यायचे ठरले, तेव्हा टनांचा हिशेब चोख जमला. मजुरांचाही जमेल, पण मुकादम मध्ये असला की कामगार कायद्यांची जबाबदारी अंगावर येत नाही, आणि ती सोय कुणाला सोडवत नाही.

बाकीवरून वाद असेल तर चोपडीच्या पानांचे फोटो आणि कारखान्याच्या वजनपावत्या जपून ठेवाव्यात. आणि तक्रार पट्टा पडायच्या आधी, टोळी इथे असतानाच करावी. एकदा गाडी गावाकडे निघाली की फडावरचे साक्षीदार पांगतात, आणि दसऱ्याला नव्या उचलीसाठी ज्याच्या दारात जायचं तो मुकादम बहुधा त्याच गावचा असतो.