काबूलच्या विमानात जागा कुणाला?

काबूल १५ ऑगस्ट २०२१ रोजी पडले. २६ ऑगस्टला परराष्ट्र व्यवहार मंत्री एस. जयशंकर यांनी सर्वपक्षीय बैठकीत परिस्थितीची माहिती दिली. सुटकेच्या मोहिमेला विरोध करण्याचे कुणाला कारण नव्हते. बैठकीत टोचला तो रंगिना कारगर यांचा प्रश्न. अफगाण संसदेच्या या सदस्य २० ऑगस्टला इस्तंबूलहून दिल्लीला आल्या आणि विमानतळावरूनच त्यांना परत धाडण्यात आले. ती चूक होती असे सरकारने मान्य केल्याचे मल्लिकार्जुन खर्गे यांनी बैठकीनंतर सांगितले. दोनच दिवसांनी, २२ ऑगस्टला, हवाई दलाचे सी-१७ विमान १६८ जणांना घेऊन हिंडनला उतरले. त्यांत अफगाण संसदेचे शीख सदस्य नरेंदरसिंग खालसा आणि अनारकली कौर होनरयार होते.

सरकार कोसळते तेव्हा विमानतळ हाच त्या देशाचा उरलेला तुकडा असतो. काबूलला धावपट्टीचा ताबा अमेरिकेकडे होता, शहराचा तालिबानकडे. उतरण्याची वेळ एकाकडे मागायची आणि फाटकापर्यंतच्या रस्त्यावर दुसऱ्याच्या चौक्या ओलांडायच्या, ही कसरत ‘देवी शक्ती’ मोहिमेने केली. २७ ऑगस्टपर्यंत सहा विमानांतून साडेपाचशेहून अधिक माणसे बाहेर आली, त्यांत २६० हून अधिक भारतीय. दूतावासाच्या अधिकाऱ्यांच्या धैर्याचे कौतुक झाले, ते रास्तच. पण जागा मोजक्या असताना यादी कुणी आणि कोणत्या निकषावर करायची, हा राजकीय निर्णय असतो. त्यावर मात्र संसदेत फारसे कुणी बोलत नाही.

हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे, आणि त्याला एक मराठी पदर आहे. १९४२ मध्ये जपानी फौजा ब्रह्मदेशात घुसल्या. ८ मार्चला रंगून पडले, वसाहतीचे सरकार उत्तरेकडे हटत गेले आणि शेवटी मित्किनाचा विमानतळ तेवढा उरला. गव्हर्नर डॉर्मन-स्मिथ ४ मे रोजी तेथून विमानाने निघाले. ६ मे रोजी विमानतळावर बॉम्ब पडले, ८ मे रोजी गाव जपान्यांच्या हाती गेले. मागे राहिलेले हजारो लोक ऐन पावसाळ्यात हुकाँग खोऱ्यातून पायी निघाले. किती वाटेतच गेले याचा हिशेब कधी नीट लागला नाही. त्याआधी मणिपूरकडे येणाऱ्या मार्गावर गोऱ्यांसाठी एक वाट आणि हिंदी माणसांसाठी दुसरी, असा भेदभाव झाल्याच्या तक्रारी दिल्लीत पोहोचल्या होत्या.

त्यावेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात परदेशस्थ हिंदी लोकांचे खाते होते यवतमाळच्या माधव श्रीहरी अणे यांच्याकडे. जबलपूरच्या गोरखपूरपासून वऱ्हाडापर्यंत पसरलेल्या तेव्हाच्या प्रांतातले हे नेते. हृदयनाथ कुंझरू यांच्यासारखे सदस्य भेदभावाचा प्रश्न लावून धरत होते आणि खुर्चीत बसले होते अणे. विमाने, रस्ते, लष्कर यांपैकी काहीही त्यांच्या हाती नव्हते, जबाबदारी तेवढी होती. गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी, फेब्रुवारी १९४३ मध्ये, त्यांनी राजीनामा दिला.

कुवेतची गोष्ट वेगळी. २ ऑगस्ट १९९० ला अमीर सौदी अरेबियात पळाले. विश्वनाथ प्रतापसिंगांचे अल्पमतातले सरकार तेव्हा देवीलाल आणि मंडल यांत गुरफटलेले होते. तरी इंद्रकुमार गुजराल बगदादला गेले, अम्मानहून एअर इंडियाच्या ४८८ फेऱ्यांत सुमारे १ लाख ११ हजार भारतीय परतले. सद्दाम हुसेनला मिठी मारल्याबद्दल गुजरालांना आयुष्यभर बोल लागला. त्या मिठीने काय साधले, हे बोल लावणाऱ्यांनी सहसा मोजले नाही. तेथे यादीचा पेच नव्हता, सगळेच आपले नागरिक होते.

काबूलला तो पेच होता आणि त्याचे उत्तर आपल्या कायद्यात नाही. १९५१ च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही, स्वतंत्र निर्वासित कायदाही नाही. म्हणून १७ ऑगस्टला अफगाणांसाठी तातडीचा ई-व्हिसा जाहीर झाला आणि २५ ऑगस्टला देशाबाहेरील अफगाणांना आधी दिलेले सारे व्हिसे एका आदेशाने रद्द झाले. दिल्ली-पुण्याच्या विद्यापीठांत प्रवेश घेतलेले कित्येक विद्यार्थी त्यात अडकले. नागरिकत्व दुरुस्ती कायदा का हवा होता ते या घडामोडींनी दाखवले, असे केंद्रीय मंत्री हरदीपसिंग पुरी यांनी त्याच सुमारास म्हटले होते. त्या कायद्याची मुदत मात्र ३१ डिसेंबर २०१४ ची आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये हिंडनला उतरलेल्या शिखांना तो लागू होत नाही.