जुन्या जीपचा गंज: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुंबईत माझगाव येथे 1949 मध्ये विलीज जीपगाड्यांची जुळणी सुरू झाली आणि पुढे महिंद्राच्या कारखान्यांतून निघालेली उंच बॉनेटची सीजे-थ्रीबी ही फोर-व्हील ड्राइव्ह जीप महाराष्ट्रात शेताच्या बांधापासून घाटरस्त्यांपर्यंत सगळीकडे पोहोचली. त्यांपैकी ज्या जीप आज गोठ्याशेजारच्या पडवीत किंवा बंगल्याच्या मागच्या अंगणात उभ्या आहेत, त्यांचे इंजिन बहुधा दुरुस्त होण्यासारखे असते, मात्र टब, म्हणजे तळ, बाजू आणि मागचा भाग मिळून झालेली पत्र्याची उघडी पेटी, जागोजाग सडलेली असते. ही पेटी घरच्या घरी पूर्ववत करू पाहणाऱ्या हौशी माणसाच्या वाट्याला गॅरेजमधून ऐकीव ज्ञान भरपूर येते. मात्र त्यातील बराचसा भाग गाडी विकली जाईपर्यंत रंग टिकावा एवढ्याच उद्देशाने घडलेला असल्यामुळे, गाडी आणखी तीस वर्षे टिकवू पाहणाऱ्याच्या तो फारसा कामाचा नसतो.

जुन्या गाड्यांचा पत्रा जाड आणि अस्सल होता, म्हणून तो आजच्या पत्र्यापेक्षा कमी गंजतो, ही समजूत सर्वांत रूढ आहे. या जीपचा पत्रा साधारण 18 गेजचा, म्हणजे सुमारे 1.2 मिलिमीटर जाडीचा असतो आणि तो आजच्या मोटारींच्या बाहेरील पत्र्याहून जाड आहे, हे खरे. परंतु जाडीमुळे पत्र्याला आरपार भोक पडण्यास उशीर लागतो, गंज धरण्यास नव्हे. आजचा पत्रा टिकतो तो त्यावरील जस्ताच्या थरामुळे आणि संपूर्ण सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने कानाकोपऱ्यात प्रायमर बसवण्याच्या पद्धतीमुळे. ही पद्धत मोटार उद्योगात 1960 च्या दशकात आली आणि 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात तिचे आजचे सुधारित रूप रूढ होऊ लागले. जुन्या जीपच्या साध्या पोलादावर फवाऱ्याने जेथवर पोहोचला तेथवरच रंग होता, आणि दुमडलेल्या कडांच्या आत तो फारसा पोहोचतच नव्हता.

गंज हा पत्र्यावर बाहेरून येऊन बसलेला मळ आहे, तो खरवडला की काम झाले, हाही असाच एक भ्रम. वस्तुतः गंजणे ही विद्युत-रासायनिक क्रिया आहे: पाण्याच्या पातळ पापुद्र्याखाली एकाच पत्र्याचा एक भाग लोह गमावतो, दुसऱ्या भागावर हवेतील ऑक्सिजन वापरला जातो, आणि पाण्यात मीठ विरघळलेले असेल तर वीजवहन सुधारून ही देवाणघेवाण वेगाने चालते. ॲल्युमिनियमवर बनणारा ऑक्साइडचा थर धातूला घट्ट चिकटून त्याचे रक्षण करतो, तर लोखंडाचा गंज मूळ धातूच्या कितीतरी पट जागा व्यापणारा, भुसभुशीत आणि पाणी धरून ठेवणारा असतो, त्यामुळे तो स्वतःच पुढच्या गंजाची सोय करतो. यासाठी पत्र्यावर पाऊस पडावाच लागतो असे नाही. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ व्हर्नन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवून दिले की हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे 60 टक्क्यांच्या वर गेली की लोखंडाच्या गंजण्याचा वेग एकदम वाढतो, आणि पृष्ठभागावर क्षार असल्यास ही मर्यादा आणखी खाली येते. कोकणात पावसाळ्याचे महिने आर्द्रता या मर्यादेच्या बरीच वर असते. म्हणून छपराखाली उभी केलेली जीप सुरक्षित आहे असे मानणे धोक्याचे ठरते, आणि तिच्यावर प्लॅस्टिकचे कापड घट्ट आवळून बांधणे तर त्याहून वाईट, कारण जमिनीतून उठणारी वाफ त्याखाली कोंडून रात्री पत्र्यावर दवासारखी जमते.

दिसतो तेवढाच गंज, या समजुतीने मात्र घरगुती दुरुस्तीचे सर्वाधिक नुकसान केले आहे. टबच्या तळाला बळकटी यावी म्हणून खालून टोपीच्या आकाराच्या पोकळ पट्ट्या जोडलेल्या असतात. पत्र्याच्या दोन थरांमधील अशा फटींत शिरलेले पाणी सहजासहजी वाळत नाही आणि पत्रा आतून बाहेर सडत येतो. दुसऱ्या महायुद्धातील मूळ जीपमध्ये तर या पोकळ पट्ट्यांत लाकडाच्या पट्ट्या घातलेल्या होत्या, आणि ओल शोषून ती वर्षानुवर्षे पोलादाला लावून ठेवण्याचे काम त्या लाकडाने इमानेइतबारे केले. बाहेरच्या रंगावर आलेला हरभऱ्याएवढा फुगा ही या प्रक्रियेची शेवटची पायरी असते, पहिली नव्हे. त्यामुळे दुरुस्तीचा अंदाज डोळ्यांनी न बांधता हातोडीने बांधावा लागतो: शाबूत पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला बदबदतो, आणि शंका असेल तेथे जुना स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिल्यास तो सरळ आत जातो.

गंज-परिवर्तक, म्हणजे गंजाचे काळ्या थरात रूपांतर करणारे द्रावण, हे जादूचे औषध असल्याचा समज अलीकडचा आहे. या द्रावणांत टॅनिक आम्ल किंवा फॉस्फोरिक आम्ल असते आणि गंजाशी संयोग पावून त्यांचे लोहाचे टॅनेट किंवा फॉस्फेट बनते. परंतु द्रावण जेवढे खोल झिरपते तेवढ्याच गंजावर ही क्रिया होते. पातळ, घट्ट गंजावर त्याचा उपयोग निश्चित होतो. पापुद्रे सुटलेल्या जाड गंजावर ते लावल्यास वरचा थर काळा होतो आणि खालचा होता तसाच राहतो. गेलेला पत्रा तर कोणतेही द्रावण परत आणत नाही. पुट्टीविषयीही हेच म्हणता येते. पॉलिएस्टर राळ आणि शंखजिऱ्याची पूड यांची ही लुकण पत्र्याचा उथळ खोलगटपणा भरण्यासाठी आहे, भोक बुजवण्यासाठी नाही. ती पाणी शोषते, आणि भोकावर थापलेल्या पुट्टीला मागून मिळणारी ओल तिला आतून सोडवत जाते.

गंज काढण्यासाठी वाळूचा मारा हा रामबाण उपाय मानला जातो. चेसिससारख्या जाड भागांवर तो उत्तमच. पण पातळ व सपाट पत्र्यावर, विशेषतः बॉनेटवर, जोरदार मारा केल्यास पत्रा लाटांसारखा वाकतो. याचे खापर उष्णतेवर फोडले जाते, परंतु खरे कारण कणांच्या असंख्य आघातांनी एका बाजूची त्वचा ताणली जाणे हे आहे. शिवाय नदीच्या वाळूतील सिलिकाची धूळ फुप्फुसांत जाऊन सिलिकोसिस हा बरा न होणारा आजार होतो, म्हणून अशा वाळूऐवजी गार्नेटसारखे कण आणि योग्य श्वसनरक्षक वापरणे हाच मार्ग. सुट्या भागांसाठी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात विजेने गंज काढण्याची पद्धत घरी करण्यासारखी आहे: गंजलेला भाग ऋण टोकाला आणि साध्या लोखंडाचा तुकडा धन टोकाला जोडतात. त्या तुकड्याऐवजी ‘गंजत नाही’ म्हणून स्टेनलेस स्टील लावण्याची युक्ती मात्र विषारी क्रोमियम पाण्यात उतरवू शकते. या क्रियेत हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून काम उघड्यावर आणि ठिणगीपासून दूर करावे लागते.

सडलेला पत्रा कापून नवा बसवताना जुन्यावर नवा चढवून झाळणे सोपे वाटते, पण त्यामुळे दोन थरांत पाणी धरणारी नवी फट तयार होते. शक्य तेथे कडेला कड भिडवून, अंतराअंतरावर टाके मारत आणि प्रत्येक टाका थंड होऊ देत जोडकाम केले तर पत्रा वाकतही नाही. जस्त चढवलेला पत्रा वापरल्यास जोडाजवळचे जस्त आधी घासून काढावे लागते, कारण त्याच्या धुराने थंडी वाजून ताप भरतो. दूध पिऊन किंवा गूळ खाऊन हा धूर बाधत नाही, या कारागिरांतील समजुतीवर विसंबणे योग्य नाही, खेळती हवाच हवी.

तांबड्या रेड ऑक्साइडचा हात मारला की पत्रा सुरक्षित, असे म्हणणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही की त्यातील तांबडा रंग हा स्वतः लोहाचा ऑक्साइड आहे आणि त्यात गंजरोधक घटक मुद्दाम घातलेले नसतील तर तो केवळ रंगासाठी पाया पुरवतो. वर रंग न देता महिनोन्महिने उघडा ठेवलेला असा प्रायमर ओल आत जाऊ देतो. स्वच्छ पत्र्यावर दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर अधिक भरवशाचा ठरतो. मात्र घासलेल्या पत्र्यावर दमट हवेत काही तासांतच तांबूस झाक येत असल्यामुळे तो त्याच दिवशी लावावा लागतो. गाडीच्या पोटाला इंजिनातून काढलेले काळे ऑइल फासण्याची प्रथाही सोडून देण्यासारखी आहे, कारण त्यात ज्वलनातून आलेली आम्ले असतात, रबरी बुश फुगतात आणि पहिल्या पावसात ते शेतात उतरते. पोकळ भागांत फवारण्याचे मेण हे काम कितीतरी चांगले करते.

सैनिकी जीपचा हिरवा रंग देण्याचा मोह अनेकांना होतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 121 नुसार ऑलिव्ह ग्रीन हा रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे. 2021 मध्ये आलेल्या तरतुदींनुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुन्या खासगी गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ अक्षरांची नोंदणी मिळू शकते. पण त्यासाठी चेसिस, सांगाडा व इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत अशी अट आहे, आणि अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. त्यामुळे बाजारात मिळणारा तयार टब उचलून बसवण्यापूर्वी, जुन्यातला किती भाग वाचवता येतो हे पाहणे कायद्याच्या दृष्टीनेही शहाणपणाचे आहे.

टब पूर्ण झाल्यावर तळातील गोल भोके कारागिराच्या नजरेला खुपतात आणि नीटनेटकेपणाच्या हौसेपायी ती झाळून बंद केली जातात. उघड्या जीपमध्ये पावसाचे पाणी आत येणार हे गृहीत धरून ते बाहेर जावे म्हणूनच मूळ आराखड्यात ती भोके ठेवलेली होती.