कातळातला दाब

साठवण्यासाठी जमिनीखाली सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडची पहिली बातमी दाब आणतो. वायू जागचा फारसा हलण्याआधीच त्याने रेटलेल्या पाण्याचा ताण खडकातून दूर पोचतो. तो टिपायला विहिरीच्या तळाशी क्वार्ट्झचा स्फटिक बसवतात. दाब बदलला की स्फटिकाच्या कंपनांची गती बदलते. शेकडो मीटर खोल पाण्याखाली बसूनही तो सेंटीमीटरभर पाण्याइतका फरक ओळखतो, ही मोठीच करामत.

पंप थांबवल्यावर दाब किती वेगाने उतरतो, यावरून खडक किती मोकळा आहे हे कळते. नॉर्वेच्या स्नोव्हिट प्रकल्पात २००८ पासून वायू सोडला जात होता. दाब अपेक्षेपेक्षा झपाट्याने चढला, म्हणून २०११ मध्ये वायू दुसऱ्या थरात वळवावा लागला. दुसरा मापक साठ्यावरच्या झाकणखडकाच्याही वर ठेवतात. तिथला दाब वाढला, तर एखादी जुनी विहीर किंवा भेग गळत असल्याचा संशय येतो.

मराठवाड्यातल्या पिशोरला असा साठा नाही; पायाखाली आहे तो दख्खनचा बेसाल्ट. एका बांधावर बोअरला पाणी लागते आणि शेजारी कोरडा जातो, तो याच खडकातल्या भेगांमुळे. दाबही इथे भेगांच्याच वाटेने धावणार. त्याचे मोजमाप कोयना धरणाच्या परिसराने शिकवले. डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर अभ्यास वाढत गेला आणि १९९० च्या दशकात तिथे निरीक्षणासाठी २१ कूपनलिका खोदल्या गेल्या. त्यांपैकी बंदिस्त जलथरांतल्या काहींत चंद्र-सूर्याच्या ओढीनेही पाणी वरखाली होते.

खरी अडचण इथेच आहे. हवेचा दाब, पाऊस, धरणाची पातळी, वीज आल्याबरोबर सुरू होणाऱ्या शेतातल्या मोटारी, सगळ्यांच्या खुणा वरच्या थरांतल्या नोंदीत मिसळतात. त्यातून बेसाल्ट वायूशी रासायनिक क्रियाही करतो. आइसलँडच्या कार्बफिक्स प्रयोगात पाण्यात विरघळवलेल्या वायूपैकी ९५ टक्क्यांहून अधिक वायूचा दोन वर्षांच्या आत दगड झाला. मग दाब उतरला तो वायूचा दगड झाला म्हणून की गळतीमुळे, हे एकट्या मापकाला सांगता येत नाही; पाण्याचे नमुनेही तपासावे लागतात. शिवाय त्या पद्धतीत टनभर वायूमागे सुमारे २५ टन पाणी लागते. मराठवाड्यात हा आकडा फार जड आहे. आणि वायू सोडण्याआधीच्या काही पावसाळ्या-उन्हाळ्यांची नोंद हाती नसेल, तर नंतरचा कोणताही चढउतार वायूच्या नावावर मांडता येत नाही.